प्रेमाचा दिवस, रंकाळा आणि पडदा

संपादक महोदय,

चौदा फेब्रुवारी जवळ आला की माझी घालमेल होते. नवरा संध्याकाळी गुलाब आणतो, देठाला ओलं फडकं गुंडाळलेला, आणि तो मला हवाच असतो. पण त्याच संध्याकाळी रंकाळ्यावर बसलेल्या पोरापोरींना कुणी दरडावताना दिसलं की जीव तुटतो. नीट बसून बोलतात, कुणाचं काय घेतात?

'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ लाच आला. आम्ही दोघं जोडीनं पाहिला. लढाया दणदणीत, आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. मला भिडले ते संभाजीराजे आणि येसूबाईंचे प्रसंग. ते आणखी हवे होते. वेबमालिका मात्र दोन भागांतच सोडल्या. नुसती भांडणं आणि मोबाईल!

नाटकाची तर फार आठवण येते. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवलं नाही.

'प्रभात' फिल्म कंपनीनं १९३२ साली राजा हरिश्चंद्राच्या गोष्टीवरचा 'अयोध्येचा राजा' हा चित्रपट याच कोल्हापुरात बनवला. हरिश्चंद्र-तारामतीइतकी सोसलेली जोडी दुसरी कोणती? येत्या चौदा तारखेला एखाद्या चित्रपटगृहानं तो लावावा. आम्ही तिकीट काढून येऊ.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर