बूट घालून मॅटवर

प्रिय बंड्या,

शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग वाच. दिवाळीला तुझे दोन मिस्ड कॉल होते, संक्रांतीला तिळगुळाचा फोटो आला, मी त्याला अंगठा दाखवून गप्प बसलो. कामाचा ताण वगैरे सांगत नाही, तुला पटणार पण नाही. तब्येत ठीक, शुगर आहे तिथंच, न्यू जर्सीची थंडी मरणाची, बर्फ ढकलून कंबर धरली होती ती सुटली. झालं तब्येतीचं.

आता मुद्द्याचं. लेका, मला मैदानातून हाकललं.

हसून झालं का? बरं. माझ्या पोरीच्या, चिऊच्या शाळेत. मागच्या बुधवारी संध्याकाळी तिच्या टीमची दुसऱ्या शाळेशी कुस्ती होती, आपल्या शाळेच्या जिममध्ये, आणि शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरनं, म्हणजे खेळांच्या प्रमुखानं, स्वतः माझ्या दंडाला हात न लावता, अगदी सर सर करत मला दारापर्यंत सोडलं. जाकीट वर बाकड्यावर राहिलेलं, गाडीची चावी त्या जाकिटात. मी अर्धा तास लॉबीत ट्रॉफ्यांच्या कपाटासमोर उभा, १९७० च्या काळातल्या पोरांचे फोटो बघत, आणि आतून शिट्ट्या ऐकू येतायत. शेवटी स्नॅक स्टँडवरच्या एका बाईनं जाकीट आणून दिलं, वर हॉट चॉकलेट दिलं, पैसे घेतले नाहीत. ते हॉट चॉकलेट सगळ्यात जास्त मनाला लागलं.

सगळं सांगतो, पण तू मधी बोलू नकोस. (पत्राचा तेवढाच फायदा.)

तुला इथल्या कुस्तीचं मी किती वेळा सांगितलंय तरी तू 'ती गादीवरची' म्हणून नाक मुरडतोस. गादीवरचीच, पण ऑलिम्पिकवाली पण नाही, शाळांची वेगळीच पद्धत आहे. दोन-दोन मिनिटांचे तीन डाव. पट काढून खाली घेतलं की आता ३ पॉइंट, पूर्वी २ होते. खालचीनं निसटून घेतलं तर १, उलटून वर आली तर २. आणि आता नीट ऐक, इथंच माझं वाटोळं झालंय. चितपट द्यायला दोन्ही खांदे गादीला लागून चालत नाही, ते २ सेकंद दाबून ठेवायला लागतात. पूर्ण २ सेकंद. आपल्याकडं पाठ लागली की संपलं, हलगीवाला हलगी वाजवतो, पोरं खांद्यावर घेतात. इथं पंच गादीवर आडवा पडून खांद्याखालची फट बघत बसतो, मनात मोजतो, आणि मग हात आपटतो.

तर चिऊची कुस्ती. ५२-५३ किलोची जोड, समोरची पोरगी चांगली तयारीची, हात तिचे चिऊपेक्षा वीतभर लांब. तिसऱ्या डावात चिऊ ४-३ अशी मागं. मिनिटभर राहिलं असेल. आणि बंड्या, त्या पोरीनं मान अशी पुढं दिली, आणि माझ्या चिऊनं ढाक लावली. तू व्हिडिओ कॉलवर शिकवलेली ढाक, तुझ्या गोठ्यासमोर उभं राहून, पुतण्याला बकरा करून, ती. तशीच. कंबर आत घातली, हात बगलेत ओढला आणि ती पोरगी हवेतून आली आणि पाठीवर पडली. धप्प. दोन्ही खांदे लागलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले रे. ६-४.

मी उठलो. मला कळलंच नाही मी कधी खाली पळालो, तीन पायऱ्या बाकड्यांच्या, एका आजोबांचे नाचोज सांडले, आणि मी बोंबलतोय, "झाली! झाली! चितपट झाली!" मराठीतच. आणि गादीच्या कडेला पोचलो ते थांबलो नाही, दोन पावलं आत. बूट घालून. बर्फातनं आलेले, मिठानं पांढरे झालेले बूट. आपल्या तालमीत चप्पल घालून मातीत पाय टाकणाऱ्याला वस्तादांनी काय केलं असतं सांग. मातीच्या हौद्यातनं उचलून रस्त्यावर.

पंचानं कुस्ती थांबवलेली नव्हती. दीड सेकंद झाला असेल फार तर. आणि तेवढ्यात त्या पोरीनं पूल केला (मानेवर कमान धरून पाठ उचलली), उलटून वर आली, ६-६, आणि चिऊलाच पाठीवर धरून ठेवलं, त्याचे आणखी २. ८-६. संपली. सगळ्या टीमचा स्कोअर ३६-३३, आपण हरलो. हिशोब मी पार्किंगमध्ये बसून केला: चिऊची साधी पॉइंटवर जरी निघाली असती तर टीमच्या हिशोबात तिकडचे ३ कमी आणि इकडं ३ जास्त, म्हणजे बरोबर उलटं, ३६-३३ आपले.

मी पंचाला बोललो पण. इंग्लिशमध्ये. शिवी नाही दिली, देवाशप्पथ, पण "तुम्हाला दिसत नाही का" असं म्हणालो आणि बोट दाखवलं. बोट दाखवायला नको होतं. इथं प्रत्येक सामन्याआधी पंच एक कागद वाचून दाखवतो, खिजवणं, टोमणे, समोरच्याला लाज आणणारं काही खपवून घेणार नाही म्हणून. मी तो इतक्यांदा ऐकलाय की विमानातल्या पट्टा बांधा सारखा ऐकू येत नाही. आणि नोव्हेंबरमध्ये पालकांचा एक ऑनलाइन फॉर्म असतो, वागणुकीचा, त्याला मी टिक करून सही केलीय. वाचला कुणी!

दुसऱ्या दिवशी मेल: अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला येऊन भेटेपर्यंत शाळेच्या कुठल्याही सामन्याला, इथं किंवा बाहेर, यायचं नाही. आणि शुक्रवारी प्रिन्सिपॉलचं आठवड्याचं पत्र. दर शुक्रवारी येतं ते सगळ्या पालकांना, दोन हजारेक घरं तरी असतील. मी एरवी वाचत नाही, यावेळी एखाद्या आरोपीसारखं वाचलं. पहिल्यांदा बर्फाच्या सुट्ट्यांचे दिवस जूनमध्ये भरून काढणार ते. मग पुढच्या वर्षीचे विषय निवडायची तारीख, बाथरूममध्ये व्हेपिंग, हॉलमध्ये पास नसताना फिरणं. मग हिवाळी खेळांचे निकाल: मुलींचं बास्केटबॉल जिंकलं, पोहण्यात दोन रेकॉर्ड मोडले, आइस हॉकी ओव्हरटाइममध्ये हरली, तलवारबाजीचा संघ जोरात, बोलिंग पण जिंकलं (हो, बोलिंग हा शाळेचा खेळ आहे, तू हसणार माहितीय). मुलींची कुस्ती, 'अत्यंत चुरशीच्या लढतीत' ३६-३३ पराभव. आणि त्याच्या खाली ठळक अक्षरात, विद्यार्थी आणि प्रेक्षकांकडून अपेक्षित वर्तन. पहिला परिच्छेद पोरांना, बास्केटबॉलला फ्री थ्रोच्या वेळी समोरच्याच्या नावानं ओरडल्याबद्दल. दुसरा, पालकांनी आपल्या जागेवर बसून आदरानं प्रोत्साहन द्यावं, स्पर्धेच्या जागेत कोणत्याही परिस्थितीत प्रवेश करू नये. कोणत्याही परिस्थितीत. नाव नाही, पण बंड्या, त्या दोन हजार घरांत 'कोणत्याही परिस्थितीत' म्हणजे मी.

बायको म्हणाली, एवढं काय, विसरतील लोक. विसरत नाहीत. कुणीतरी व्हिडिओ केला होता. आता चिऊच्या टीममधली गोरी, काळी, चिनी सगळी पोरं कॉरिडॉरमध्ये भेटली की एकमेकांना "झाली! झाली!" म्हणतात, पेपर संपला की झाली, लंच संपला की झाली. उच्चार एकदम परफेक्ट.

मागच्या वर्षी आपलं भांडण झालं ना, अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीवरनं? पैलवानानं पंचाला लाथ मारली आणि ३ वर्षांची बंदी आली, तेव्हा तू म्हणालास पाठ लागलीच नव्हती, पंचानं कुस्ती खाल्ली, पोराचं आयुष्य खाल्लं, आणि मी इथनं शहाणपणा शिकवत होतो, पंच म्हणजे पंच, इथं बघ कशी शिस्त असते. तू फोन आपटलास. तर आता तो शहाणपणा मी परत घेतो, सगळा नाही, लाथ ती लाथच. पण पंच देव नसतो हे तुझं मान्य. इथंच न्यू जर्सीत २०१८ च्या डिसेंबरला एका काळ्या पोराला पंचानं सांगितलं, केस काप नाहीतर कुस्ती सोड, आणि गादीच्या कडेला उभं करून कात्रीनं त्याच्या जटा कापायला लावल्या. पोरगं तसंच जाऊन जिंकलं. पुढं त्या पंचाला २ वर्षं बंद केलं, आणि बरोबर वर्षभरानं केसांवरनं भेदभाव करायचा नाही असा कायदाच आला राज्यात. चिऊची वेणी टोपीखाली घालताना मला दरवेळी ते आठवतं.

पण माझा पंच चुकला नव्हता. हेच तर दुखणं आहे. व्हिडिओ मी तीसेकदा बघितला, दीड सेकंदच आहे.

आणि आता खरं सांगतो, जे अजून बायकोलाही धड सांगितलेलं नाही. चिऊ त्या रात्री गाडीत गप्प होती. मी पंचाबद्दल बोलतोय, नियमाबद्दल बोलतोय. घर आलं, गराज उघडलं, आणि ती समोर बघत म्हणाली, "बाबा, मी तुझा आवाज ऐकला. तू 'झाली' म्हणालास, मला वाटलं झाली. मी हात सोडला."

एवढंच. आणि वर गेली.

व्हिडिओत दिसतं ते. माझा आवाज येतो आणि तिच्या डाव्या हाताची पकड ढिली पडते. त्याआधी पडत नाही.

तुला आता काय आठवलं असेल ते मला माहितीय. १९९६, यात्रेचं मैदान, तुझी शेवटून तिसरी कुस्ती, ५०१ रुपये आणि फेटा. तू त्याला खाली घेतलेलास, घिस्सा मारून पाठीवर आणत होतास, आणि मी गर्दीतनं उडी मारून आत, गुलाल उधळत, "झाली!" म्हणत. माझ्यामागं आपली पोरं, त्यांच्यामागं त्यांची पोरं, हौद्यात पन्नास माणसं, आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. तू दिवाळीपर्यंत बोलला नाहीस माझ्याशी. मी सगळ्यांना सांगत फिरलो की पाठ लागलीच होती. बंड्या, लागली नव्हती. मी कडेला होतो, मला दिसत होतं. तीस वर्षांनी सांगतोय, पत्रातच सांगता येतंय, फोनवर सांगितलं असतं तर तू 'सोड रे' म्हणाला असतास आणि मी सोडलं असतं.

चिऊ आता म्हणते, बाबा, तू येऊ नकोस मॅचला. रागानं नाही म्हणत, डबा नको म्हणावं तसं म्हणते. त्याचीच भीती वाटते. मी बंदी उठवून घेईन, उद्या भेट आहे त्या डायरेक्टरशी, माफी लिहून नेतोय, बायकोनं त्यातनं 'वस्तुतः' आणि 'परंतु' काढून टाकलेत. पण शाळेनं सोडलं तरी पोरीनं नको म्हटलं तर मी जाऊन बसायचं कुठं?

आणि हे सगळं लावलं कुणी? तू. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, तू मैदानातनं व्हिडिओ कॉल केलास, नेटवर्क नाही, नुसता गोंगाट आणि धूळ, आणि चिऊ सातवीत, तोंडात ब्रेसेस, स्क्रीनला नाक लावून बसलेली. हायस्कूलला गेली ती थेट नाव देऊनच आली. इथं पण मुलींची वेगळी स्टेट स्पर्धा २०१८-१९ ला सुरू झाली, म्हणजे आपल्या आधी चारच वर्षं, उगाच अमेरिका अमेरिका करायला नको. परवा तिनं हिस्टरीत खाशाबा जाधवांवर प्रेझेंटेशन दिलं, हेलसिंकी, १९५२, ब्राँझ, गोळेश्वरचं पोरगं. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण ठेवून ७ हजार दिले, हे ऐकून वर्ग म्हणे एकदम शांत झाला. एका प्रिन्सिपॉलनं घर गहाण टाकलं, आणि मला एकाचं पत्र आलंय.

बरं, तुझं सांग. ऊस तुटला का, का टोळीवाल्यानं यंदा पण टांग मारली? गुडघ्याचं ऑपरेशन कधी करतोयस, उगाच जडीबुटी चोळत बसू नकोस. पोराच्या पोलीस भरतीचं काय झालं, ग्राउंड निघालं म्हणालास ते लेखीचं पण कळव. वहिनींना नमस्कार, त्यांच्या हातची कटाची आमटी इथं स्वप्नात येते. आईकडं एकदा चक्कर टाक, तिला यातलं काही सांगू नकोस, तिला वाटतं चिऊ भरतनाट्यम करते.

एक काम कर माझं. शनिवारी चिऊला फोन लाव, इथले सकाळचे नऊ, तुझे संध्याकाळचे साडेसात. पुढं रीजनची स्पर्धा आहे, ती हिंमत हरलीय असं मला वाटतं, तिला तसं वाटत नसेल पण. माझं नाव काढू नकोस, मी सांगितलं असं कळता कामा नये. ढाक लावल्यावर खाली पडल्यानंतर बगलेतला हात कसा धरून ठेवायचा, छाती कुठं टाकायची, तेवढं दाखव, पुतण्याला घे परत. आणि तिला म्हण की शिट्टी वाजेपर्यंत कुणाचं ऐकायचं नाही. कुणाचंच.

तुझाच,
बाळ्या

ता. क. बूट घालून मॅटवर गेलो हे तालमीत कुणाला बोलू नकोस. बाकी सगळं सांगितलंस तरी चालेल.