गाडी राहते, एफडी मोडू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, एफडी मोडू नका. बाकी पत्र सावकाश वाचा, पण एवढं आधी ऐका. तुम्ही पाठवाल ते पैसे कार्डांच्या व्याजात आणि हॉस्पिटलच्या बिलात बघता बघता जिरतील, आणि दिवाळखोरीचा अर्ज मला तरीही करावाच लागेल. म्हणजे माझं कर्ज आहे तिथेच आणि तुमची म्हातारपणाची पुंजी मात्र संपलेली.

खांद्याच्या ऑपरेशननंतरचे दिवस कसे गेले ते तुम्हाला फोनवरून तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहेच. धंदा स्वतःचा, त्यामुळे पगारी रजा हा प्रकार नाही. एसीचं युनिट उचलायला आणि शिडीवर चढायला दोन्ही हात लागतात. तेवढ्या काळात घरभाडं, औषधं, किराणा सगळं कार्डांवर गेलं. आता काम पुन्हा सुरू आहे, खांदाही साथ देतोय, पण मागचा डोंगर एवढा आहे की चालू कमाईतून नुसतं व्याज भागतं.

आई, तू विचारलंस, "गाडी नेतील का रे?" मलाही सगळ्यात आधी तीच धास्ती होती. व्हॅन गेली तर माझी हत्यारं, व्हॅक्यूम पंप, गॅसची सिलिंडरं काय पाठीवर घेऊन फिरू? वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत कागदावर आकडे मांडून दाखवले. व्हॅनची आजची किंमत साधारण १९,००० डॉलर, तिच्यावरचं कर्ज १५,०००. म्हणजे माझी खरी मालकी ४,००० डॉलरची. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, केंद्रीय दिवाळखोरी कायद्यात एका वाहनातल्या ५,०२५ डॉलरपर्यंतच्या मालकीला संरक्षण आहे, आणि न्यू जर्सीत राहणाऱ्याला ती केंद्रीय यादी निवडता येते. धंद्याच्या हत्यारांना ३,१७५ डॉलरची सूट वेगळी. शिवाय मी भाड्याच्या घरात राहतो. घरासाठीची सूट वापरलीच जात नसल्याने तिचा काही भाग कुठल्याही वस्तूला लावता येतो, आणि तो धरून १७,४७५ डॉलरपर्यंतची गंगाजळी उरते. हे आकडे एप्रिल २०२५ पासूनचे आहेत, दर तीन वर्षांनी महागाईनुसार बदलतात.

पण ही सूट इतर कर्ज देणाऱ्यांपासून वाचवते, गाडीवर कर्ज देणाऱ्या कंपनीपासून नाही. कार्डांचं कर्ज माफ होतं, गाडीवरचा बोजा तसाच राहतो. म्हणून हातात पैसे आले की मी आधी व्हॅनचा हप्ता आणि तिचा विमा भरतो, कार्डवाले कितीही फोन करोत. हप्ते थकले असते तर त्याच कायद्यातलं चॅप्टर १३ घ्यावं लागलं असतं. त्यात थकबाकी तीन ते पाच वर्षांत थोडी थोडी फेडतात आणि दर महिन्याला ट्रस्टीकडे, म्हणजे प्रकरण सांभाळायला नेमलेल्या माणसाकडे, पैसे भरतात. माझे हप्ते चालू आहेत आणि कमाईही मर्यादेत बसते, म्हणून चॅप्टर ७, म्हणजे सरळ कर्जमाफीचा अर्ज. ते काही महिन्यांत आटोपतं.

अर्ज दाखल होताच वसुली थांबते: फोन, पत्रं, दावे, गाडी उचलून नेणं, सगळं. मात्र गाडी आधीच उचलली गेली असेल तर गोष्ट वेगळी. शिकागो शहराने अडकवून ठेवलेल्या गाड्यांच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की अर्जाआधी ताब्यात घेतलेली गाडी नुसती अडवून ठेवल्याने त्या स्थगितीचा भंग होत नाही. वकीलबाईंनी घाई केली ती याच कारणाने. गाडी दारात असताना अर्ज करायचा.

व्हॅनच्या कंपनीबरोबर ते कर्ज पुन्हा कबूल करण्याचा करार करता येतो. त्यावर आमचं बरंच बोलणं झालं. सही केली की ते कर्ज पुन्हा माझ्या अंगावर. पुढे हप्ते चुकले तर गाडीही जाईल आणि उरलेल्या रकमेसाठी दावाही होईल. सही नाही केली तर काही कंपन्या हप्ते वेळेवर येत असूनही गाडी परत मागतात. करार कोर्टात दाखल झाल्यावर ६० दिवसांत किंवा माफीचा हुकूम होईपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर, मागे फिरता येतं. मी सही करणार आहे. व्याज बरं आहे आणि गाडीवर पोट आहे. कार्डाच्या कर्जासाठी असली सही मी कधीच केली नसती.

बाबा, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" असं तुम्ही म्हणालात. पायरी नाहीच आहे. ट्रस्टी शपथेवर प्रश्न विचारतो, तेही झूमवर, आणि बहुतेकदा ते थोडक्यात संपतं. हे दिवाणी प्रकरण आहे. नुसत्या अर्जाने ग्रीन कार्डाला धक्का लागत नाही. क्रेडिट रिपोर्टवर मात्र दहा वर्षं नोंद राहील. ती राहू दे.

आता तुमच्याकडून दोन कामं हवी आहेत.

पहिलं काम नाजूक आहे. काकांनी ऑपरेशनच्या वेळी दिलेले पैसे. अर्जात प्रत्येक देणं लिहावं लागतं, घरच्यांचंही. काकांचं नाव यादीत जाईल आणि त्यांच्या पत्त्यावर कोर्टाचं इंग्रजी पत्र येईल. ते उघडून त्यांचा पारा चढण्याआधी तुम्ही त्यांना सांगा, की ही फक्त सूचना आहे, त्यांच्यावर कसलाही दावा नाही. आई म्हणेल, मग त्यांचे आधी देऊन टाक. तेच नेमकं करता येत नाही. अर्जाच्या आधीच्या वर्षभरात नातेवाइकाचं देणं फेडलं तर ट्रस्टी ती रक्कम त्यांच्याकडून परत मागू शकतो. काकांना त्या फेऱ्यात अडकवायचं नाही. कर्जमाफी झाल्यावर आपण होऊन कुणाचे पैसे परत करायला कायद्याची आडकाठी नाही. काकांचे मी देणार आहे. कधी, ते आज सांगत नाही, कारण तारीख सांगून ती पाळता आली नाही तर आणखी वाईट.

दुसरं काम त्या एफडीचंच. तिच्यावर दुसरं नाव माझं आहे. अर्जात जगभरातली मालमत्ता दाखवावी लागते, भारतातलीसुद्धा. म्हणून बँकेत जाऊन माझं नाव काढू नका. तुम्हाला ते सरळ वाटेल, पण अर्जाच्या तोंडावर नाव काढलं की लपवाछपवी दिसते, आणि लपवलेलं सापडलं तर माफीच नाकारली जाऊ शकते. आपण उघड दाखवू आणि पैसे तुमचेच आहेत हे कागदांनी सिद्ध करू. पावतीची प्रत, पेन्शनच्या खात्यातून रक्कम गेली ती पासबुकाची पानं, आणि व्याजावरचा टीडीएस तुमच्या पॅनवर कापला गेल्याचा दाखला, एवढं स्कॅन करून पाठवा. फ्लॅटवर मी फक्त नॉमिनी आहे की खरेदीखतातही नाव आहे, तेही बघून कळवा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पण वकीलबाईंना कागद पाहायचा आहे.

स्कॅन शेजारच्या दुकानात करू नका, त्यात खाते क्रमांक आहेत. मोबाइलवर फोटो काढलेत तरी चालतील, फक्त पानाच्या चारही कडा दिसू द्या. आणि काकांशी बोलणं झालं की मला लगेच कळवा, म्हणजे मग मीच त्यांना फोन करीन.

तुमचा
बाळ