आधी प्रीती, मग धीर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आत्मविश्वास या विषयावर आपल्या पुरवणीत वरचेवर लेख येत असतात आणि मी ते आवर्जून वाचतो. स्वतःची बलस्थाने ओळखावीत, लहान उद्दिष्टे ठरवून ती गाठावीत, मिळवलेल्या यशाची आठवण ठेवावी, म्हणजे मनाला बळ येते, असा त्यांतील बहुतेक सल्ल्यांचा रोख असतो. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे माणसाचा धीर त्याच्या कर्तृत्वाच्या मागून येतो. ख्रिस्ती श्रद्धेत हा क्रम नेमका उलटा आहे. आधी देवाची प्रीती, मग त्या प्रीतीतून येणारा धीर आणि त्यानंतर जमेल तेवढे कर्तृत्व, असा तो क्रम आहे. हे पत्र लिहिण्याचे हे एक कारण. दुसरे कारण सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण हा क्रम आम्हा ख्रिस्ती लोकांनाच हल्ली नीट आठवत नाही. आमच्या कित्येक सभांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून 'विश्वास ठेव, म्हणजे नोकरी लागेल, आजार पळेल, व्हिसा मिळेल' असे सांगितले जाते आणि टाळ्याही पडतात.

शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रातला, एक प्रसंग या बाबतीत फार स्पष्ट आहे. यार्देन नदीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या हातून येशूचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा आकाशातून वाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र आहे आणि याच्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्काच्या शुभवर्तमानात ही घटना पहिल्याच अध्यायात येते. तोपर्यंत येशूने एकही रोगी बरा केलेला नाही, एकही दाखला सांगितलेला नाही, एकही शिष्य जमवलेला नाही. नासरेथ गावातला एक सुतार, एवढीच त्याची ओळख आहे. तरीही पिता संतुष्ट आहे. त्यानंतर लगेच येशू अरण्यात जातो आणि तेथे सैतान त्याला गाठतो. मत्तय आणि लूक यांनी दिलेला हा संवाद बारकाईने वाचण्याजोगा आहे, कारण सैतानाचे म्हणणे 'तू देवाचा पुत्र नाहीस' असे नसते. 'पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव, मंदिराच्या टोकावरून उडी टाकून दाखव' असे त्याचे म्हणणे असते. मिळालेल्या प्रीतीचा पुरावा तो मागतो. उडी टाकण्याच्या मागणीला जोड म्हणून तो बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले वचनही म्हणून दाखवतो, हे आमच्या वचने पाठ असलेल्या वक्त्यांनी लक्षात ठेवावे. येशू मात्र भाकरी करत नाही आणि उडीही टाकत नाही. उडीच्या मागणीला तो एवढेच उत्तर देतो की देवाची परीक्षा पाहू नये. ज्याला आपण प्रिय असल्याची खातरी आहे त्याला ते सिद्ध करून दाखवण्याची गरज उरत नाही, हे यातून मला समजते. नोकरी आणि व्हिसा यांना विश्वासाची कसोटी ठरवणारे प्रवचन यार्देनेच्या बाजूचे आहे की अरण्यातल्या त्या प्रश्नकर्त्याच्या बाजूचे, हे वाचकांनीच ठरवावे.

याचे आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. त्यांचे चरित्र बहुधा यशोगाथा म्हणून सांगितले जाते: संस्कृतवरील प्रभुत्व, १८७८ साली कलकत्त्यात मिळालेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, इंग्लंड-अमेरिकेचा प्रवास, शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन. हे सगळे खरे आहे. पण रमाबाईंनी स्वतः जी साक्ष लिहून ठेवली आहे तिचा सूर वेगळा आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणे सांगत तीर्थाटन करणारे निष्ठावान विद्वान. घरातल्या स्त्रियांना संस्कृत शिकवण्याचे धाडस त्यांनी त्या काळात केले होते. दक्षिणेतील दुष्काळात या कुटुंबाजवळचे सगळे संपले, भीक मागण्याची लाज वाटत होती आणि मजुरीची सवय नव्हती. वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. निष्ठेत काही उणे असल्यामुळे हे घडले असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. उरलेली दोघे भावंडे पायी फिरत कलकत्त्याला पोहोचली; पुढे १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. पंचविशीही गाठली नसताना पदरात लहानगी मनोरमा आणि मागेपुढे कोणी नाही, अशी त्यांची स्थिती होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे हा हेतू होता, परंतु ऐकू येणे कमी होत चालल्याने तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे चालणारे काम पाहायला पाठवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे माणूस म्हणून वागवले जात होते. या बायकांची तुम्ही एवढी काळजी का घेता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी एकटीच विहिरीवर पाणी भरायला आलेली ही स्त्री. तिला पाच नवरे झालेले आणि आता ज्याच्याबरोबर राहत होती तो तिचा नवरा नव्हता. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी देवाच्या उपासनेविषयी बोलतो, तिचे सगळे आयुष्य आपल्याला ठाऊक आहे हे तिला कळू देतो आणि तरी तिला हाकलून देत नाही. तीच स्त्री घागर तिथेच टाकून गावात जाते आणि लोकांना सांगू लागते. ज्यांची नजर ती चुकवत होती त्यांच्याशीच ती आपण होऊन बोलते, आणि तेही तिच्या आयुष्यात अजून काही सुधारलेले नसताना! रमाबाईंवर या अध्यायाचा खोल परिणाम झाला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरअखेर त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना माहीत असते. पण त्यानंतरची आठ वर्षे आपण घाईने ओलांडतो. या काळात त्यांनी चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकवले, १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन विधवांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. आजच्या मापाने पाहिले तर आत्मविश्वास म्हणतात तो हाच. तरीही स्वतः रमाबाई लिहितात की या वर्षांत मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो मिळाला नव्हता. मत पटले होते, उपासना चालू होती, कामाला तर तोड नव्हती. शांती मात्र नव्हती. सुमारे १८९१ मध्ये त्यांना उमगले की तारण, म्हणजे पापातून सुटका, हे आपण काही करून मिळवायचे नसून दिलेले घ्यायचे आहे आणि आपण जशा आहोत तशाच देवाला हव्या आहोत. जगाला जेव्हा त्या सर्वांत यशस्वी दिसत होत्या तेव्हाच त्या आतून रित्या होत्या, आणि त्यांचे हे रितेपण यशाने भरले नाही. आत्मविश्वासावर लिहिणाऱ्यांनी रमाबाईंच्या या कबुलीचा विचार करायला हरकत नाही.

त्यांची कसोटी पुढे लागली. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो या आक्षेपावरून पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या आक्षेपात काहीच तथ्य नव्हते असे मी ख्रिस्ती म्हणून म्हणणे सोयीचे आहे, पण प्रामाणिक ठरणार नाही. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे आश्वासन देऊन उभ्या राहिलेल्या संस्थेच्या चालकांना असा प्रश्न विचारला जाणारच. मला महत्त्वाचे वाटते ते हे की रमाबाईंनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि काम सोडलेही नाही. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतःच्या कुटुंबाची उपासमार आठवून त्या तिकडे गेल्या आणि मुलींना व विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवण्याची सोय झाली. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन उभे राहिले. ज्या भुकेने त्यांचे घर संपवले, तीच भूक समोर पाहून त्या पळाल्या नाहीत.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात ख्रिस्ताचा प्रेषित पौल विचारतो की ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण विभक्त करील, आणि मग तो क्लेश, छळणूक, उपासमार, नग्नता, तलवार अशी यादी देतो. यातले काहीही तुमच्या वाट्याला येणार नाही, असे तो कुठेच म्हणत नाही. हे सगळे येऊनही ती प्रीती तुटत नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. 'प्रीतीच्या ठायी भीती नसते' हे योहानाच्या पहिल्या पत्रातले वाक्य आमच्या घराघरांत भिंतीवर टांगलेले असते. त्याच अध्यायात पुढच्याच वचनात कारण दिले आहे, की आपण प्रीती करतो ती त्याने आधी आपल्यावर केली म्हणून. ते कारण मात्र तसबिरीवर क्वचितच दिसते.

अशा श्रद्धेने माणूस आळशी किंवा आज्ञाधारक होतो, असा आक्षेप घेतला जातो. आळसाचे उत्तर वर आलेच आहे. आज्ञाधारकपणाविषयी सांगायचे तर, ज्या धर्मभगिनींनी रमाबाईंना आसरा दिला त्यांच्याशी त्यांनी त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धांतापासून चर्चच्या अधिकारापर्यंत पत्रांतून कडकडून वाद घातला आणि एका पुरोहितशाहीचे जोखड नुकतेच उतरवले असताना दुसरे घेणार नाही, असे त्यांना स्पष्ट कळवले. पुढे तर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर एकटीने केले. हे काम चालू असतानाच १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. आईने ते काम पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

देवाच्या निरपेक्ष प्रेमाची ही कल्पना मराठी मनाला परकी नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ताला माउली म्हणत आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. लेकराने काही मिळवून आणावे म्हणून आई त्याला उचलून घेत नाही, हे वारकऱ्यालाही सांगावे लागत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी व्यवहारातली आहे आणि ती आमच्या मंडळ्यांच्या पाळकांना व पंचांना उद्देशून आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या रविवारी अनेक चर्चमध्ये उत्तीर्ण मुलांना वेदीपुढे बोलावून त्यांचे गुण वाचले जातात, पुष्पगुच्छ दिले जातात आणि देवाचे उपकार मानले जातात. त्या दिवशी नापास झालेली मुले उपासनेला येत नाहीत. त्यांचे आईवडील आले तर शेवटच्या बाकावर बसून प्रभूची प्रार्थना संपताच निघून जातात. यंदा गुण वाचणे बंद करावे. परीक्षेला बसलेल्या सर्व मुलांना पास-नापास न विचारता एकत्र पुढे बोलवावे, पाळकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्या बाप्तिस्म्याच्या नावाने आशीर्वाद द्यावा आणि जी मुले आली नसतील त्यांच्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन यावे. सत्कार करायचाच असेल तर तो युवक संघाने आठवड्यातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी सभागृहात करावा. त्याला माझी हरकत नाही, आणि पेढे खायला मीही येईन.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर