परत येण्याविषयी

लालबाग, मुंबई
28 ऑक्टोबर 2023

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. भातकापणी उरकली असेल. मुंबईत पुन्हा काम मिळेल का, असं विचारलंस. मिळेल. पण कसलं, ते नीट वाच.

पेपरात सरकारच्या रोजगार पाहणीचे आकडे आलेत. 2020 च्या एप्रिल ते जूनमध्ये शहरांतली बेरोजगारी जवळजवळ 21 टक्क्यांवर गेली होती, यंदा त्याच तिमाहीत 6.6 टक्के. तेव्हा देशाचा जीडीपी सुमारे 24 टक्क्यांनी आकसला होता, लोकल बंद होती. आपला छापखाना कशावर चालणार होता? म्हणजे सुधारणा खरी आहे, गर्दीतही दिसते. मात्र या पाहणीत आठवड्यातल्या एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी माणूस कामावर धरतात. घरच्या टपरीवर बिनपगारी कपबशा विसळणारा पोरगाही त्यातच.

आपल्यातलेच बघ. बाइंडिंगचा दिलीप आता डिलिव्हरी करतो; गाडी त्याची, पेट्रोल त्याचं. मालक कोण विचारलं तर मोबाइल दाखवतो. कटिंगवाले काका एजन्सीतर्फे एका टॉवरच्या गेटवर बारा तास उभे असतात. दोघेही आकड्यात 'रोजगार' म्हणून जमा. त्यांना बेकार म्हणवत नाही, पण पूर्वीची नोकरी परत आली असंही म्हणवत नाही.

बाबा सांगायचे ते हल्ली फार आठवतं. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावातलं कापडाचं काम नाहीसं झालं नव्हतं, ते भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं. तिथे कायम नोकरी नव्हती, महागाईभत्ता नव्हता. मला आत्ताही तीच भीती वाटते.

आता छापखान्याचं. दिवाळी अंकांमुळे रात्रपाळी सुरू आहे. लग्नपत्रिकांचं मात्र खरं नाही. पाचशे छापणारे आता शंभरावर येतात, बाकी व्हॉट्सॲप. (मुलीचे वडील तेवढे अजून सोनेरी गणपतीसाठी हटून बसतात!) पुढच्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा दोन्ही, म्हणजे पत्रकं, बॅनर, मतदारांच्या चिठ्ठ्या. शेठना फोरकलर मशीनवर बसणारा ऑपरेटर हवाय आणि तुझं नाव त्यांनी स्वतःहून काढलं.

अडचण एवढीच, की त्यांना तू ठेकेदाराच्या वहीवर हवा आहेस. रोजची हजेरी, पीएफ नाही, काम मंदावलं की घरी. मला हे पटत नाही. ऑपरेटर मिळत नाहीत म्हणून त्यांचं अडलंय, तेव्हा घासाघीस करायची असेल तर आत्ताच. निवडणुका उरकल्यावर तुला कोण विचारणार?

म्हणून लगेच घर बंद करून सगळ्यांना घेऊन येऊ नकोस. भाऊबीज झाली की एकटाच ये, आमच्याकडे उतर. खोली लहान आहे, ती तुला माहीतच आहे. शेठकडे आपण दोघे जाऊ. पगारपत्रकावर नाव आणि पीएफ, या दोन गोष्टींवर अडून राहायचं. रोजाच्या रकमेत थोडं कमीजास्त चालेल. नाहीच जमलं तर महापेच्या एमआयडीसीतल्या पॅकेजिंगवाल्यांकडे चौकशी करून ठेवलीय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. येताना जुना पीएफ नंबर शोधून आण.

तुझा,
विनायक