तिसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्या अंकलना

प्रिय अंकल,

हे पत्र तुमची मुलगी तुम्हाला वाचून दाखवेल. समोर बसून आभार मानायला लागलो असतो तर "चल रे, चहा घे" म्हणून तुम्ही मला गप्प केलं असतंत. म्हणून जाहीरच लिहितोय, आता मधे तोडता येणार नाही.

जुन्या हिंदी गाण्यांचं वेड मला आधीपासूनच होतं. गायक कोण, संगीतकार कोण, सिनेमा कुठला, साल कुठलं, हे सगळं तोंडपाठ. सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवलेल्या तुमच्याकडे पहिल्यांदा रेकॉर्डी घेऊन आलो तेही जरा ऐटीतच. तुम्ही शांतपणे एक गाणं ऐकलंत आणि विचारलंत, "मुखडा दुसऱ्यांदा येतो तेव्हा व्हायोलिन काय करतात?" व्हायोलिन काही करतात हेच मला ठाऊक नव्हतं. मग तुम्ही सुई पुन्हा मागे ठेवलीत. "लता गाते ते सगळ्या दुनियेला ऐकू येतं. तू तिच्या खाली ऐक."

त्या दिवसापासून माझ्या कानाचं वळणच बदललं. संगीतकार शंकर-जयकिशनच्या गाण्यात गायिकेच्या ओळीला समांतर, पण तिच्या वाटेत न येता, व्हायोलिनांची दुसरीच एक चाल चाललेली असते. ती लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा. फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारा हा गोवेकर मुंबईला आला, आधी ओ. पी. नय्यर आणि मग शंकर-जयकिशनकडे अरेंजर झाला. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणणार, सहायक ती सारेगममध्ये उतरवणार, आणि मग अरेंजर प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहिणार. हे तुम्ही समजावलंत तेव्हा कुठे मला कळलं की सूर बांधणं आणि पन्नास माणसांना एकाच वेळी वाजवायला लावणं ही दोन वेगळी कामं आहेत.

त्यात गोव्याचेच लोक एवढे का, हेही तुमच्याकडूनच समजलं. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळेत पोरांना अक्षरांबरोबर स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत, शिकवायचे. समोर ठेवलेला कागद बघून लगेच वाजवणारी माणसं मुंबईत हवीच होती आणि गोव्यात पोट भरत नव्हतं. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा स्टुडिओत फिल्म. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि 1977 साली 'अमर अकबर अँथनी'त त्यांनी गुरूचं अख्खं नावच गाण्यात घातलं. मी त्या गाण्यावर लग्नाच्या वरातींत नाचलोय, पण त्या नावाचा माणूस खरा आहे हे तुम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

माझ्या आवडीची बाजूही तुम्ही सांभाळलीत. माझे आवडते संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. त्यांच्या 'अलबेला' (1951) मध्ये चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतात. गोव्यातल्या हळदोण्याचा हा ट्रम्पेटवाला. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. तमाशाची लय आणि स्विंगचा, म्हणजे नाचायच्या जॅझचा, झटका एकाच गाण्यात कसा बसतो, हे तुम्ही टेबलावर बोटं वाजवून दाखवलंत. आणि वाद्यं म्हणजे फक्त गोवेकरच असंही नाही, हे बजावायला लगेच 'आवारा'तलं 'घर आया मेरा परदेसी' लावलंत. त्यातली ढोलकी लालाभाऊ गंगावण्यांची. तमाशातून आलेल्या हातांनी राज कपूरच्या स्वप्नाचा सेट हलवलाय! मी उठून पुन्हा लावायला सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात.

तुमच्या डाव्या जबड्याखालचा काळपट डाग बघून मला वाटायचं काहीतरी लागलंय. वर्षानुवर्षं व्हायोलिन टेकवून पडलेला घट्टा तो. गाण्यात इंटरल्यूड, म्हणजे ओळींमधलं नुसतं वाद्यांचं संगीत, आलं की अजूनही तुमच्या डाव्या हाताची चार बोटं खुर्चीच्या दांडीवर पळत सुटतात, आणि कधीकधी रेकॉर्डच्या अर्धा ठोका आधीच पोचतात. "म्हणजे हे तुम्ही वाजवलंय?" असं विचारलं तर खांदे उडवता. बरोबर आहे. कागदावर सिनेमाचं नावही नसायचं. शिफ्ट संपली, पैसे घेतले, लोकल पकडली, आणि वाजवलेलं गाणं महिन्यांनी इराण्याच्या रेडिओवर ऐकू आलं.

रेकॉर्डीच्या लेबलवर तर तुम्हाला जागाच नव्हती. 'महल'च्या (1949) 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून छापलंय 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. श्रोत्यांनी रेडिओला पत्रं लिहून हैराण केलं तेव्हा लताबाईंचं नाव बाहेर आलं. वादकांसाठी तशी पत्रं कुणी लिहिली नाहीत, आणि याचा मला राग येतो. तुम्हाला येत नाही, हेही मला पटत नाही. माझ्या वहीत आता गाण्यासमोर गायकाच्या खाली आणखी रकाने आहेत: अरेंजर, अकॉर्डियन, सॅक्सोफोन, ढोलक. 'रूप तेरा मस्ताना'च्या पुढे अकॉर्डियन, केरसी लॉर्ड असं लिहिताना जो आनंद झाला तो अंताक्षरी जिंकून कधी झाला नव्हता. बरेच रकाने रिकामे आहेत. तुमच्या आठवणीतून जेवढे भरले तेवढ्यासाठी तरी मनापासून आभार, असं म्हणू द्या.

तुमच्या मुलीचेही आभार. दुपारी झोपेच्या वेळी मी टपकायचो, तरी तिने कधी दार लावून घेतलं नाही, वर बिबिंका, तो गोव्याचा थरांचा गोड केक, दिली.

एका गोष्टीवर मात्र मी अजून तुमच्या बाजूचा झालेलो नाही. साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी शंकर-जयकिशनच्या गाण्यांत व्हायोलिनं फार झाली, गाण्याला श्वास घ्यायला जागा उरली नाही, असं मला वाटतं. 'अलबेला'तला छोटा बँड मला जास्त आवडतो. तुम्ही म्हणाल, ट्रम्पेटवाल्यांच्या नादी लागलास. रविवारी दोन्ही रेकॉर्डी घेऊन येतो, समोरासमोर भांडू.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा