इथे पेजही मिळते, आई

चेंगदू
रविवार, रात्र

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न.

फोनवर रोज बोलणं होतंच. पण आई "जेवलात ना नीट?" विचारते, मी "हो" म्हणते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून आज मनू आणि निखिल झोपल्यावर सविस्तर लिहायला बसलेय. तुम्ही आमच्याबरोबर चीनला आला नाहीत, ते बाबांच्या गुडघ्यांमुळे नव्हे, हे मला ठाऊक आहे. "तिथे जाऊन खायचं काय?" हा आईचा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे. इथे आल्यापासून समोर आलेलं प्रत्येक ताट मी आधी तुमच्या नजरेने बघते, मग माझ्या.

नकोसं ते आधीच सांगून टाकते. बाजारात बदकाच्या माना आणि कोंबडीचे पाय टांगलेले असतात. चेंगदूत तर सशाची मुंडकी ओळीने मांडलेली दिसतात. मनूने डोळे गच्च मिटून माझा हात धरला, ते ती गल्ली संपेपर्यंत उघडले नाहीत. आंबवलेल्या तोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा, वास लांबूनच येतो आणि त्याच्या जवळ जाणं मला अजून जमलेलं नाही. शिवाय साधी दिसणारी पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, आणि नूडल्सखालचं पाणी बहुधा हाडांचं. तोफू म्हणजे शाकाहारी असंही धरून चालत नाही, इथल्या प्रसिद्ध मापो तोफूत खिमा असतोच. तुमच्या जावयाची मजल अंड्यापर्यंतच, त्यामुळे सुरुवातीचे दिवस त्याला जड गेले. एका खानावळीत "मांस नाही" म्हणून आणलेल्या शेंगांच्या भाजीत खिमा निघाला. तो काही बोलला नाही, कोरडा भात खाऊन उठला. मला फार वाईट वाटलं.

मग चेंगदूच्या आधीच्या मुक्कामी, शिआन शहरात, हॉटेलातल्या काउंटरवरच्या मुलीने आमची अडचण ओळखली आणि स्वतःच्या हाताने चिनी लिपीत एक चिठ्ठी लिहून दिली. मांस नको, मासे नकोत, प्राण्यांची चरबी नको, हाडांचा रस्सा नको, अंडं चालेल. दुसऱ्या दिवशी एका चिंचोळ्या खानावळीत ती दाखवली. मालकीणबाई आईच्याच वयाच्या असतील. त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, कढईत गरम पाणी ओतलं, बांबूच्या काड्यांच्या कुंच्याने खसाखसा घासली, पाणी फेकून पुन्हा एकदा घासली आणि मग तेलाची बाटली निखिलसमोर धरून त्याने मान डोलावल्यावरच तेल घातलं. टोमॅटो घातलेली अंडी केली, बटाट्याचे सुतासारखे काप व्हिनेगरवर नुसते हलवून कुरकुरीत ठेवले, आणि लसूण ठेचून घालून नाळीची भाजी केली. हो, आपलीच, पोकळ दांड्यांची. निखिल अगदी पोटभर जेवला. शब्दाने बोलता येत नसलेल्या पाहुण्यासाठी दोनदा कढई घासणारी बाई जिथे आहे, तिथे माझी आई उपाशी राहणार नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

शिआनच्या मुस्लिम मोहल्ल्यात मी आणि मनूने 'फाओमो' खाल्लं, ते मात्र मटणाचं. आधी तुमच्यासमोर रिकामा वाडगा आणि कडक, जाड रोट्या येतात. त्या स्वतःच कुस्करायच्या, तेही सोयाबीनच्या दाण्याएवढ्या बारीक. बाजूच्या टेबलावरचे एक आजोबा नखांनी टिपून टिपून, गप्पा मारत, अजिबात घाई न करता करत होते. मनूचे तुकडे मोठे राहिले होते. त्यांनी त्याचा वाडगा ओढून घेतला, चार तुकडे करून दाखवले आणि परत त्याच्यापुढे सरकवला. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या उकळत्या रश्श्यात शिजून बाहेर येतो. सोबत गोडसर मुरवलेला लसूण. घरी पानातली पोळीसुद्धा तोडून मागणारा मनू अर्धा तास मान खाली घालून कुस्करत बसला होता. बाबा, तुम्ही असतात तर त्या आजोबांशी खाणाखुणांनी तास घालवला असतात.

आता मुख्य गोष्ट. शिआनहून चेंगदूला २०१७ साली सुरू झालेल्या वेगवान गाडीने चारेक तासांत आलो. इथला पहिलाच घास खाल्ल्यावर ओठ बधिर झाले, जिभेवर मुंग्या आल्या. निखिल घाबरला, त्याला वाटलं ॲलर्जी. मला मात्र वास ओळखीचा वाटला. पानात शोधलं तर लालसर टरफलं सापडली, उकललेली, आत बी नसलेली. इथे त्याला ह्वाज्याओ म्हणतात. आई, हे आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड आहे! बाबांना सांगायला नकोच, वनस्पतिशास्त्रात दोघं झँथोझायलम या एकाच वंशातली. झाड तसंच काटेरी, काळं बी तसंच टाकून द्यायचं आणि टरफल तेवढं घ्यायचं. आपण बांगड्याच्या तिखल्यात मोजकी ठेचून टाकतो, हे लोक मूठमूठ घालतात. मिरची इथेही आपल्यासारखीच अमेरिका खंडातून, सोळाव्या शतकात समुद्रावरून आली. ह्वाज्याओ त्याच्या कितीतरी आधीपासूनचा, इथल्याच मातीतला. वेंगुर्ल्याच्या परसातल्या झाडाचं नातं एवढ्या लांब निघावं, याचा मला जो आनंद झाला तो तुम्हा दोघांना समोर बसवूनच सांगायला हवा होता.

आईच्या सोमवार-गुरुवारची सोयही बघून ठेवलीय. वेनशू नावाच्या जुन्या बौद्ध मठात शाकाहारी भोजनगृह आहे. या मठांच्या परंपरेत मांस तर नाहीच, कांदा-लसूणही वर्ज्य. इथे पुष्कळ लोक त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत, म्हणजे साधारण आपली अमावास्या आणि पौर्णिमा. आळंबी, कमळाचे देठ, गव्हाच्या सत्त्वाचे पदार्थ, सगळं मऊ आणि कमी तेलाचं.

आणि सकाळची न्याहारी! पातळ शिजवलेला, वाफाळता, बिनमिठाचा भात आणि बाजूला खारवलेल्या भाज्या. पहिल्या चमच्याला मला आपली पेज आणि लोणचं आठवलं. तांदूळ उकडा नसतो, एवढाच फरक. बाबांच्या दातांना याहून सोयीचं काय? गरम पाणी तर न मागता मिळतं. खानावळीत, स्टेशनात, गाडीच्या डब्यात, सगळीकडे उकळत्या पाण्याचे नळ असतात. दुधाच्या चहाची पंचाईत होईल, तेव्हा पावडर आणि साखर बरोबर घेऊ. पण इथल्या बागेतल्या चहाच्या अड्ड्यावर तुमच्या वयाची माणसं झाकणाच्या वाटीतला बिनदुधाचा चहा घेऊन दुपारभर पत्ते खेळत बसतात, तिथे बाबा रमतील याची मला खात्री आहे.

तेव्हा पुढच्या वर्षी आपण सगळे येऊ. १ ऑक्टोबरपासून त्यांच्या राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी असते आणि गर्दी फार होते, ती टाळून नंतर निघू. बाबांच्या पासपोर्टची मुदत किती उरलीय ते बघा आणि पहिल्या-शेवटच्या पानाचा फोटो पाठवा, फॉर्म मी भरते. ती चिनी चिठ्ठी मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलीय. आईसाठी त्यात अंड्याची ओळ ठेवायची की काढायची, तेवढं कळव.

मनूचा तुम्हाला नमस्कार. बाबांच्या गोळ्या वेळेवर चालू राहू देत.

तुमची,
माई