हाडाची बांगडी, की शंखाची?

मा. संपादक,

गुजरातेतल्या उत्खननांत सापडलेल्या पांढऱ्या दागिन्यांवर सरसकट ‘हाड’ अशी पाटी लावलेली पाहिली की फार वाईट वाटते. आतून पाच-सहा सेंटिमीटर रुंद असलेली अखंड बांगडी गाईबैलाच्या हाडातून निघूच शकत नाही. पायाची नळी तेवढी जाड नसते. अशी बांगडी बहुधा शंखाची, क्वचित हस्तिदंताची. द्वारकेजवळ नागेश्वर येथे आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९८३-८४ मध्ये उत्खनन केले, तेव्हा हडप्पाकालीन शंखकामाचे केंद्रच उजेडात आले. शंखाच्या बांगडीवर शंखाचे वेढे जुळतात तो तिरपा सांधा दिसतो. हडप्पाचे कारागीर नेमके त्यावरच ‘व्ही’सारखे नक्षीचे खाचे कोरत.

हाडाचे दागिने लहान असतात: मणी, लोलक, कड्या. उत्तर प्रदेशात महादहा येथील मध्याश्मयुगीन (मधल्या अश्मयुगातील) दफनांत ते मिळाले आहेत. पक्ष्याचे हाड मुळात पोकळ, त्यामुळे भोवती खाच पाडून तुकडा मोडला आणि कडा दगडावर घासल्या की मणी तयार. लोलकाचे भोक दोन्ही बाजूंनी पाडलेले असेल तर मध्ये अरुंद होते. भोकाची वरची कड गुळगुळीत झिजली असेल तर तो दोऱ्यात ओवून वापरला असावा.

ओळखायला दहापट भिंग पुरते. हाडावर रक्तवाहिन्यांच्या नलिकांचे बारीक ठिपके किंवा लांबट रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषा असतात. शंख चिनी मातीसारखा घट्ट, त्यात नलिका नाहीत. आम्लाचा थेंब टाकून पाहण्याचा प्रकार मात्र कृपा करून बंद व्हावा. त्याने वस्तूच खराब होते.

नुकसान सर्वाधिक होते ते सापडल्यानंतर पहिल्या काही तासांत. ओलसर हाड उन्हात ठेवले की बाहेरचा थर आधी आकसतो आणि लांबीच्या दिशेने तडे जातात. ते सावलीत, हळूहळू सुकवावे. माती मऊ कुंचल्याने काढावी. हिरवी छटा दिसली तर घासू नये, ती बहुधा शेजारच्या तांब्याची असते. फेविकॉल किंवा व्हार्निश तर लावूच नये. त्याने कार्बन-१४ कालमापन बिघडू शकते, आणि कोणत्या प्राण्याचे हाड हे सांगणारी कोलॅजनची (हाडातल्या प्रथिनाची) तपासणीही. वस्तू फारच ठिसूळ असेल तर आधी एक तुकडा तपासणीसाठी वेगळा ठेवून, मगच वस्तू-जतनाच्या तज्ज्ञाने ॲसिटोनमधले पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचे पातळ द्रावण वापरावे.

भिंगाखाली खात्री होत नसेल तेथे पाटीवर ‘पदार्थ अनिश्चित’ असे स्पष्ट लिहावे, ही संग्रहालयांना विनंती.

– पुरातत्त्वाचे दोन अभ्यासक, बडोदे